जळणापायी हलणारी राजधानी अदिस अबाबाला का थांबली

इथिओपियाच्या राजधानीला उत्तरेकडून टेकलेल्या एन्तोतो डोंगरावरून शहराकडे उतरणाऱ्या वाटेवर निलगिरीच्या फांद्यांचे भारे वाहणाऱ्या बायका वर्षानुवर्षे दिसत आल्या आहेत. भारा पाठीवर आडवा बांधलेला असतो आणि बहुधा बाईच्या उंचीपेक्षाही लांब असतो, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला आधी भाराच दिसतो आणि मग त्याखाली कंबरेत वाकलेली बाई. त्यातला पालासुद्धा वाया जात नाही. तेफ या धान्याचे पीठ आंबवून केलेली, आपल्या आंबोळीच्या जातीची पण पुष्कळ मोठी इंजेरा मातीच्या तव्यावर भाजायची, तर त्याला भराभर पेटणारे जळण लागते आणि निलगिरीची वाळकी पाने त्यासाठी उत्तम. अदिस अबाबाला जाणाऱ्या प्रवाशाने राजवाडे आणि संग्रहालये पाहण्याआधी हा भारा नीट पाहावा असे मला मनापासून वाटते, कारण हे शहर आज जिथे आहे तिथे का आहे, याचे अर्धे उत्तर त्यात बांधलेले आहे.

इथिओपियाच्या सम्राटांना कायमची राजधानी ठेवण्याची सवय फारशी नव्हती. सतराव्या शतकात फासिलिदस याने गोंदर वसवले, हा ठळक अपवाद. त्याआधी आणि गोंदरचा जोर ओसरल्यावरही दरबार म्हणजे फिरती छावणी असे. हजारो सैनिक, सेवक आणि जनावरे एका जागी राहिली की काही वर्षांत आसपासचे जंगल चुलीत जाई, धान्य संपे आणि मग तंबू उचलून दुसरे पठार गाठावे लागे. मेनेलिक दुसरा हा याच रीतीत वाढलेला राजा होता.

मेनेलिकच्या कहाणीत मुंबईचाही एक धागा आहे. शेवा प्रांताचा हा राजपुत्र सम्राट तेवोद्रोस याच्या मगदला किल्ल्यात दहा वर्षे नजरकैदेत होता आणि १८६५ मध्ये तिथून निसटून त्याने आपले राज्य परत मिळवले. पुढे तेवोद्रोसने युरोपीय लोकांना ओलीस धरले, तेव्हा त्याच मगदलावर चालून गेलेली ब्रिटिश मोहीम मुख्यतः मुंबईतून निघाली होती. तिचा सेनापती रॉबर्ट नेपियर हा मुंबई लष्कराचा सरसेनापती होता, फौजेत हिंदी पलटणींचा भरणा होता आणि अवजड तोफा ओढण्यासाठी ४४ हत्ती जहाजांवर चढवून नेले होते. एप्रिल १८६८ मध्ये मगदला पडले आणि तेवोद्रोसने आत्महत्या केली. वाटेतला सर्वांत बलाढ्य सम्राट असा नाहीसा झाल्याने मेनेलिकला शेवामध्ये पाय रोवायला आणि दक्षिणेकडे सरकायला उसंत मिळाली. शेवाची जुनी राजधानी अंकोबेर सोडून १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो एन्तोतोवर आला.

लष्कराच्या दृष्टीने एन्तोतोची जागा बिनतोड होती, राहण्याच्या दृष्टीने मात्र अवघड. माथ्याची उंची ३,००० मीटरच्या वर, वारा बोचरा, पाणी आणि जळण दोन्ही वर वाहून न्यायचे. खाली पायथ्याशी गरम पाण्याचे झरे होते. तिथे दरबारी मंडळी आंघोळीला उतरत आणि राणी तायतूला ती जागा फार आवडे. १८८६ मध्ये तिने तिथे घर बांधायला लावले आणि त्या वस्तीला ‘नवे फूल’ या अर्थाचे अदिस अबाबा हे नाव दिले. मेनेलिकला १८८९ मध्ये सम्राटपदाचा मुकुट चढला तो वर एन्तोतोच्या मरियम चर्चमध्येच, पण तोवर दरबार खाली सरकू लागला होता. ते झरे फिलवोहा नावाने आजही वाहतात आणि तिथल्या स्नानगृहांत शहरातले लोक आजही आंघोळीला जातात.

ही जागा मात्र रिकामी नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. इथे ओरोमो लोकांची वस्ती होती, त्यांची कुरणे होती आणि जागेला फिनफिने हे नाव होते. राजधानी वाढली तसे ते हटवले गेले. १९९५च्या राज्यघटनेने शहराला स्वशासन दिले आणि सभोवारच्या ओरोमिया राज्याचे ‘विशेष हित’ही मान्य केले. तरीही शहराची हद्द वाढवण्याच्या आराखड्याविरुद्ध २०१४ पासून मोठे आंदोलन पेटले आणि २०१६च्या सुरुवातीला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पावसाळा सरल्यावर पाण्याकाठी साजरा होणारा ओरोमोंचा इरेचा हा सण २०१९ मध्ये दीर्घ काळानंतर पुन्हा राजधानीत भरला. हातात हिरव्या गवताच्या जुड्या घेऊन पाण्याकडे निघालेले हजारो लोक ज्याने पाहिले, त्याला फिनफिने हे नाव केवळ इतिहासजमा वाटणार नाही.

वस्ती खाली आली तरी जुने दुखणे सुटले नव्हते. दहा-पंधरा वर्षांत भोवतालची जुनिपरची झाडे तुटली आणि शतक उलटण्याच्या सुमारास मेनेलिकने पश्चिमेला सुमारे ५५ किलोमीटरवर अदिस आलेम, म्हणजे ‘नवे जग’, नावाची दुसरी राजधानी बांधायला घेतली. राजवाडा उभा राहू लागला, रस्ताही आखला गेला. पण तोवर दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. पहिली म्हणजे १८९६ची अदवाची लढाई. इटलीचा तिथे दणदणीत पराभव झाल्यावर युरोपीय सत्तांनी आपले वकील अदिस अबाबाला धाडले. त्यांना जमिनी मिळाल्या, त्यांची दगडी घरे उठली, आणि तंबू हलवावा तसा वकिलातींचा पसारा हलवणे कोणालाच परवडणारे नव्हते. दुसरी गोष्ट निलगिरीची. १८९०च्या दशकात आणलेले हे ऑस्ट्रेलियन झाड इथल्या थंड हवेत झपाट्याने वाढले आणि तोडले तरी बुंध्यातून पुन्हा फुटत राहिले. अम्हारिक भाषेत त्याला ‘बाहिर झाफ’, म्हणजे समुद्रापलीकडचे झाड, म्हणतात. चुलीचा प्रश्न सुटला आणि राजधानी थांबली. अदिस आलेमच्या राजवाड्याचे मरियमचे चर्च झाले. निलगिरी पाणी शोषते आणि खाली दुसरे काही उगवू देत नाही, ही तक्रार खरी आहे. मूळचे जंगल कसे होते ते पाहायचे तर शहराच्या पश्चिमेला मेनागेशाच्या अरण्यात जावे. पंधराव्या शतकात सम्राट झरा याकोब याने तिथे जुनिपर लावून घेतल्याचे परंपरा सांगते.

पुढची वाढ वेगाने झाली. जिबुतीहून निघालेला लोहमार्ग १९१७ मध्ये राजधानीत पोहोचला. आर्मेनियन, ग्रीक आणि भारतीय कारागीर व व्यापारी स्थायिक झाले. पियासा भागातल्या जुन्या घरांचे लाकडी कठडे आणि लांब व्हरांडे पाहिले की मुंबईच्या माणसाला गिरगाव आठवावे, इतकी ती घडण ओळखीची आहे. १९३६ ते १९४१ या इटालियन ताब्याच्या काळाने शहराला मेरकातो हा अवाढव्य बाजार दिला आणि न भरलेली जखमही दिली. १९ फेब्रुवारी १९३७ रोजी इटालियन अधिकारी ग्रात्सियानी याच्यावर बाँबहल्ला झाल्यावर तीन दिवस शहरात कत्तल चालली आणि हजारो माणसे मारली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात उत्तरेकडच्या देब्रे लिबानोस मठातल्या साधूंवर तोच कहर कोसळला. राजधानीहून शंभरेक किलोमीटरवर, खोल दरीच्या काठी असलेला हा मठ तेराव्या शतकातला आहे. बहुतेक प्रवासी तिथे दरी आणि माकडे पाहून परततात. त्यांनी मठाच्या आवारात थोडा वेळ शांत उभे राहावे.

१९६३ मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटना याच शहरात स्थापन झाली आणि पूर्वीची छावणी खंडाचे बैठकीचे घर बनली. त्या घराच्या भोवतालचा प्रदेश शहरापेक्षा कितीतरी जुना आहे. दक्षिणेला अवाश नदीकाठी मेल्का कुंतुरे इथे आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली आहेत, त्याच वाटेवर अदादी मरियमचे खडकात कोरलेले चर्च आहे आणि आणखी पुढे तियाचे कोरीव शिलास्तंभ उभे आहेत. आग्नेयेला बिशोफ्तूची ज्वालामुखीच्या मुखात साठलेली तळी आहेत. हे सारे एकेका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. मात्र शहरच सुमारे २,३५० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सातशे मीटर उंच असल्याने, पहिल्या दिवशी धाप लागते आणि एन्तोतो चढण्याची घाई करू नये. पाऊस आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर.

पियासाला मात्र लवकर जावे. २०२४ मध्ये रस्ते रुंद करण्याच्या आणि नव्या इमारतींच्या कामासाठी त्याचा मोठा भाग पाडण्यात आला आणि जी लाकडी घरे उरली आहेत ती मोजकीच आहेत.