नवसाला पावणारं दुखणं

बांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेत मेणाचे अवयव विकत मिळतात. हात, पाय, डोळे, हृदय, तान्हं बाळ, एवढंच काय, मेणाचं घरसुद्धा. जे दुखतं किंवा जे हवं असतं ते मेणात घ्यायचं आणि माउलीला वाहायचं. ८ सप्टेंबरच्या आसपास सुरू होणाऱ्या त्या आठवडाभराच्या जत्रेत मागच्या वर्षी मी मावशीबरोबर गेलो होतो. मावशी वारकऱ्यांच्या घरातली, गळ्यात तुळशीची माळ. हातात मेणाचा पाय. मे महिन्यात तिची टाच इतकी दुखत होती की सकाळी उठल्यावर जमिनीला पाय टेकवत नव्हता. शेजारच्या आंटींनी सुचवलं, म्हणून तिने माउलीला नवस बोलला. महिन्याभरात टाच मोकळी झाली.

रांगेत उभं असताना ती म्हणाली, "तू विज्ञानाचं लिहितोस ना? मग सांग, कशी बरी झाली?"

चमत्कार म्हटला की आपल्याला २१ सप्टेंबर १९९५चा दूध पिणारा गणपती आठवतो. २००६ साली माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून लोकांनी बाटल्या भरून नेल्या. २०१२ साली विलेपार्ल्याला येशूच्या मूर्तीच्या पायातून पाणी ठिबकू लागलं. या गोष्टींचा छडा लावणं तुलनेने सोपं असतं. वस्तू समोर असते. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे मूर्तीवर ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं, हे रंगीत पाणी घेतलं तर डोळ्यांना दिसतं. तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, हे ओल तपासली की कळतं. मावशीच्या टाचेचं तसं नाही. तिथे ठिबकणारं काही नाही. दुखत होतं, नवस बोलला, थांबलं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि याच क्रमाने घडल्या आहेत. असे चमत्कार घरोघरी असतात. कुणी देवीला चांदीचे डोळे वाहतं, कुणी देवळाबाहेर छोटा पाळणा बांधतं, कुणी दर्ग्याच्या जाळीला धागा बांधतं आणि इच्छा पुरी झाली की सोडायला येतं. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही जातात. गोव्यातल्या हिंदूंच्या मते ती लइराई देवीची बहीण. ग्रीसमध्ये कॉरिंथला आरोग्यदेव अस्क्लेपिओसच्या देवळाच्या जागी भाजक्या मातीचे हातपाय सापडले आहेत, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. देव वेगवेगळे, पण पायाची प्रतिकृती तीच.

इतक्या वेगवेगळ्या श्रद्धांना तोच अनुभव येत असेल, तर कारण त्या सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीत शोधायला हवं. मला वाटतं ती गोष्ट नवस बोलण्याच्या वेळेत आहे.

ल्युडोचे दोन फासे घ्या. रोज सकाळी दोन्ही टाका. येईल ती बेरीज म्हणजे त्या दिवसाचं दुखणं: कमीत कमी २, जास्तीत जास्त १२, सरासरी ७. नियम एकच. बेरीज ११ किंवा १२ आली तरच नवस बोलायचा, कारण रोजच्या साध्या ठणक्यासाठी कुणी देवाला साकडं घालत नाही. पार असह्य झालं की मगच हात जोडले जातात.

आता मोजू. नवसाचा दिवस तीनच प्रकारे येऊ शकतो: ५-६, ६-५ किंवा ६-६. त्यातल्या प्रत्येकापुढे दुसऱ्या दिवशीच्या ३६ शक्यता आहेत. तीन गुणिले छत्तीस, म्हणजे १०८. जपमाळेत मणी असतात बरोबर तितक्या. (हा योगायोग हाती लागला तेव्हा मला फार आनंद झाला.) आज ११ असेल, तर उद्या त्याहून कमी येण्याच्या ३३ शक्यता, असे दोन प्रकार, म्हणून ६६. आज १२ असेल, तर उद्या कमी येण्याच्या ३५. एकूण १०१. दुखणं जैसे थे राहण्याच्या शक्यता ५. वाढण्याच्या फक्त २.

म्हणजे १०८ पैकी १०१ वेळा नवस पावणार. नवस कुणाला बोलला, मराठीत बोलला की लॅटिनमध्ये, उपास केला की नाही, कशानेही हा आकडा बदलत नाही. फाशांना कान नसतात. जो काही परिणाम दिसतो तो निवडीचा आहे. आपण सगळ्यात वाईट दिवस निवडला, आणि सगळ्यात वाईट दिवसानंतर येणारा दिवस बहुतेक वेळा त्याहून बराच असतो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

याची एक खुबी पुष्कळ जाणकारांच्याही लक्षात येत नाही. दुखण्याला सरासरीकडे ओढणारी कुठलीही शक्ती इथे नाही. तपासून पाहायचं असेल तर काळ उलटा फिरवा. नवस बोलला त्याच्या आदल्या दिवशी फासे काय म्हणत होते? हिशोब तोच: १०८ पैकी १०१ वेळा आदल्या दिवशीही दुखणं कमीच होतं. नवस काही मागे जाऊन काम करत नाही. शिखरावर उभं राहून पाहिलं तर पुढेही उतार दिसतो आणि मागेही. आपण मात्र पुढचाच पाहतो, कारण मागचा उतार चढत असताना आपल्या लेखी तो 'वाढतं दुखणं' होता.

हे सगळं पहिल्यांदा नीट मांडलं इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने. १८७५ साली त्याने वाटाण्याच्या जातीच्या फुलझाडाचं बी आकारानुसार वेगळं करून मित्रांना पेरायला दिलं. मोठ्या बियांच्या पोटी आलेलं बी सरासरीहून मोठं असायचं, पण आईइतकं नाही. १८८६ साली त्याने २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं यांच्या उंचीचे आकडे मांडले. आईबापांची मिळून काढलेली उंची सरासरीहून ३ इंच जास्त असेल, तर मुलांची उंची सरासरीहून साधारण २ इंच जास्त. दोन तृतीयांश.

फाशांच्या खेळात आजचा उद्याशी काहीच संबंध नव्हता. उंचीचं आणि टाचेचं तसं नाही. आज फार दुखतंय तर उद्याही बरंच दुखणार. हा संबंध एका आकड्यात सांगता येतो, त्याला सहसंबंध म्हणतात: ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण. समजा, एका दिवसाचा दुसऱ्याशी सहसंबंध ०.८ आहे आणि आज दुखणं नेहमीपेक्षा ५ अंशांनी जास्त आहे. मग उद्याची अपेक्षा ४ अंश, परवाची ३.२, आणि दहाव्या दिवशी जेमतेम अर्धा. महिन्याभराने त्या वाढीचा मागमूसही उरत नाही. मावशीचा महिना हा असा.

सगळंच असं सरासरीकडे सरकत असेल, तर काही पिढ्यांत सगळी माणसं एकाच उंचीची का होत नाहीत? हा प्रश्न कॉलेजात मला बरेच दिवस छळत होता. उत्तर टाचेच्याच उदाहरणात पाहू. एकूण पसारा मोजताना सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग घेतात, म्हणून जुन्या चढउताराचा ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६४ भाग पुढे जातो, आणि उरलेला ०.३६ भाग रोज नव्याने भरला जातो: कालची चाल, चपला, पावसाळी हवा, अपुरी झोप. ०.६४ आणि ०.३६ मिळून १, म्हणून एकूण पसारा तेवढाच राहतो. जुनी शिखरं विरतात आणि नवी, दुसरीकडे, उठतात. याचा अर्थ दुखणं पुन्हा कधीतरी वर जाणार, हेही या गणितातच लिहिलेलं आहे.

याच गाल्टनने १८७२ साली प्रार्थनेवरही एक लेख लिहिला होता. इंग्लंडच्या चर्चमध्ये राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी नित्य प्रार्थना होते. मग ती माणसं जास्त जगतात का? त्याने वापरलेल्या यादीत राजघराण्यांतल्या ९७ जणांचं सरासरी आयुष्य ६४ वर्षांचं होतं, साध्या खात्यापित्या जमीनदारांचं ७०. पुरावा म्हणून हे कच्चं आहे, कारण राजांचं जगणं इतर अनेक बाबतींत वेगळं असतं. प्रार्थनेने मनाला आधार मिळतो, हे मात्र त्याने त्या लेखातच मान्य केलं होतं. (निवडक माणसांचीच संतती वाढवावी, या सुप्रजननाच्या घातक विचाराचा जनकही हाच माणूस, आकड्यांची समज आणि माणसांची समज एकत्र येतेच असं नाही.)

मग पक्का पुरावा कसा मिळवायचा? सरासरीकडे परतण्यावर उपाय एकच: तुलनेचा गट. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी झाली नाही, असे दोन्ही गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे. दोघांचंही दुखणं आपसूक सारखंच उतरणार, त्यावर जो फरक उरेल तो प्रार्थनेचा. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी असा मोठा प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. सहा रुग्णालयं, हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे १८०२ रुग्ण, तीन ख्रिस्ती प्रार्थनागट. कोणत्या गटात आहोत हे न कळलेल्या रुग्णांपैकी ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यात ५२ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. प्रार्थना न झालेल्यांत ५१ टक्क्यांना. ज्यांना 'तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे' असं सांगितलं होतं त्यांच्यात ५९. या शेवटच्या आकड्यावरून 'प्रार्थना घातक' असे मथळे झाले. ते मला पटत नाहीत. तो योगायोग असू शकतो, किंवा 'माझी तब्येत एवढी वाईट आहे का' या धास्तीचा परिणाम.

"म्हणजे सगळं मनाचं समाधान, प्लासिबो", असं काही विज्ञानप्रेमी लगेच म्हणतात. तेही तपासायला हवं. २००१ साली डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी खोटी गोळी आणि काहीच उपचार नाही यांची तुलना करणारे ११४ प्रयोग एकत्र पाहिले. वेदनेत थोडा फरक दिसला, बाकी फारसा काही नाही. खोट्या गोळीच्या खात्यावर आपण जे जमा करतो त्यातलं बरंचसं श्रेय काळाचं असतं.

आणि याच काळाच्या श्रेयावर दुकानं चालतात, तिथे मला गप्प बसवत नाही. आपल्याकडे दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. मग मंत्राची माळ गळ्यात घालणारा आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी दाखवणारा काविळीचा धन्वंतरी ठरतो. पिवळा रंग आधी हाताला चोळलेल्या आंब्याच्या झाडाच्या सालीच्या रसाचा असतो. पण गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ झाली असेल तर त्या माळेपायी गेलेले दिवस तिच्या जिवावर बेततात. भारतातले बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. त्यामुळे साप उतरवणाऱ्याच्या हाती यश भरपूर येतं. अपयश येतं ते नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं खरोखर डसल्यावर, आणि तो माणूस तक्रार करायला उरत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, कुत्रा, विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. मुलगा व्हावा म्हणून अंगारा देणाऱ्या बाबाबद्दल काय बोलावं! निसर्गात दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. डोळे मिटून बसलेल्या कुणाचाही अंगारा निम्म्याहून किंचित जास्त वेळा पावणारच.

न पावलेल्या नवसांचे मेणाचे पाय कुणी वाहत नाही. ग्रीक विचारवंत डायागोरस याच्याबद्दल रोमन लेखक सिसेरोने एक गोष्ट सांगितली आहे. वादळातून वाचलेल्या खलाशांनी देवळात लावलेली चित्रं मित्राने त्याला दाखवली: बघ, किती जणांचे नवस पावले! डायागोरसने विचारलं, जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत?

मावशीला मी हे सगळं एका दमात सांगितलं नाही. घरी आल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. दुखण्याची गोळी घेतली की ती त्या तारखेवर पेनाने फुली मारते, डॉक्टरांना सांगता यावं म्हणून. आम्ही दोघांनी पानं उलटली. मार्च-एप्रिलमध्ये तुरळक फुल्या. मेचा शेवटचा आठवडा फुल्यांनी काळा, नवस त्यातलाच. जूनमध्ये थोड्या, जुलै कोरा.

ते कॅलेंडर पुढेही भरत राहिलं. दिवाळीच्या सुमारास फराळासाठी उभं राहून राहून टाच पुन्हा धरली आणि दहा दिवस ओळीने फुल्या पडल्या. पाहुण्यांच्या गडबडीत या खेपेला नवस बोलायचं राहूनच गेलं. डिसेंबरच्या पानावर दोन फुल्या आहेत.