काडतुसाच्या पुंगळीची छाटणी

काडतुसाच्या पितळी पुंगळीचे (दारू आणि गोळी धरणाऱ्या नळीचे) तोंड कापून तिची लांबी ठरलेल्या मापावर आणण्याची प्रक्रिया. ही छाटणी दोन वेळा होते : कारखान्यात नवी पुंगळी घडताना आणि उडालेली पुंगळी पुन्हा भरण्याआधी. पुनर्भरण हा अमेरिका, युरोपातील अनेक नेमबाजांचा रीतसर छंद आहे. भारतात परवान्याविना ते करता येत नाही. त्यामुळे ठाणे जिल्ह्यात या कामाची ओळख अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे, म्हणजे कारखान्याच्या अंगाने आहे.

पुंगळीचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे असते. रायफलीत काडतूस उडाले की आत सुमारे ४,००० बार (हवेच्या दाबाच्या साधारण चार हजार पट) इतका दाब चढतो. पुंगळीच्या पातळ भिंती चेंबरला (काडतूस बसते त्या नळीतील पोकळीला) घट्ट चिकटतात, जाड बूड मात्र मागे सरकून बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाला, टेकते. मधले पितळ ताणले जाते. नंतर पुंगळी मूळ आकारात आणण्यासाठी डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबली की फुगलेले पितळ पुढे, गोळी धरणाऱ्या अरुंद गळ्याकडे सरकते. म्हणजे लांबी वाढते ती उडताना थोडी आणि डायमध्ये बरीच. म्हणूनच आधी डाय, मग व्हर्निअरने लांबीची मोजणी, मग छाटणी असा क्रम पाळतात; उलट केल्यास छाटून झालेली पुंगळी पुन्हा लांब निघते.

फरक मिलिमीटरच्या अंशांत असतो. .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिमी आहे आणि ती छाटून ५०.९३ मिमीवर आणतात. आपल्याकडे पोलिसांनी वर्षानुवर्षे वापरलेल्या .३०३ची कमाल लांबी ५६.४४ मिमी. गळा याहून लांब झाला तर त्याची कड चेंबर संपते तिथे अडते आणि गोळीभोवती आवळली जाते. गोळी सुटायला जागा राहत नाही, दाब धोकादायक वाढतो. सरळ भिंतीच्या पिस्तूल काडतुसांचे गणित वेगळे. ९ मिमीसारखी पुंगळी चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवरच टेकते; ती जास्त छाटणे हाच दोष ठरतो. म्हणून तिला बहुतेक जण हातच लावत नाहीत.

सर्वांत रुळलेले साधन म्हणजे छोट्या लेथसारखा ट्रिमर. पुंगळीचे बूड कोलेटमध्ये (आवळून धरणाऱ्या पकडीत) धरतात, गळ्याच्या आत तिला सरळ ठेवणारी दांडी, म्हणजे पायलट, जातो आणि हँडल फिरवले की कटर तोंडावरून पातळ साल काढतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कोणत्याही टर्नरला हे ‘फेसिंग’, म्हणजे टोक सपाट कापणे, दाखवायची गरज नाही. फक्त येथे भिंत इतकी पातळ असते की जोर जरा जास्त झाला तर गळा दबतो. याहून स्वस्त युक्ती लांब पिनेच्या गेजची. पिन गळ्यातून आत जाऊन बुडातील ठिणगीच्या छिद्रातून बाहेर येते आणि खालच्या होल्डरला टेकली की कटर आपोआप थांबतो. माप पिनेतच असल्याने चुकायला वाव कमी. तिसरी जुनी पद्धत फाइल डायची : पुंगळी कडक पोलादी डायमध्ये चढवायची आणि डायच्या वर डोकावणारे पितळ कानशीने घासून टाकायचे. ही सावकाश चालते. ड्रिलवर चालणारे झटपट ट्रिमर मात्र बुडाऐवजी खांद्यावर (धड गळ्याकडे निमुळते होते तिथे) टेकून माप धरतात. शेकडो पुंगळ्यांना ते सोयीचे असले तरी डायमध्ये सर्वांचे खांदे एकसारखे बसले नसतील, तर लांबीही एकसारखी येत नाही.

कोणतेही साधन वापरले तरी तोंडावर बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत कड, राहते. आतली कड हलकी चॅम्फर करतात, म्हणजे तिरपी छिलतात, नाहीतर गोळी बसवताना तिचा पृष्ठभाग खरवडला जातो. बाहेरची बरही काढतात. हे काम करताना चॅम्फर कटर जास्त फिरवून तोंडाला सुरीची धार आणण्याचा मोह नवख्यांना हमखास होतो.

एका जातीच्या पुंगळीपासून दुसरी बनवायची असेल तर छाटणी मोठी होते. .२२३ या रायफल काडतुसाची ४४.७० मिमी पुंगळी कापून .३०० ब्लॅकआउट या दुसऱ्या काडतुसाची ३४.७५ मिमी पुंगळी करणे हे आजचे नेहमीचे उदाहरण. तेव्हा जिगमध्ये (मापाच्या साच्यात) धरून छोट्या चकतीच्या करवतीने कापतात, थोडे जादा ठेवतात, नव्या डायमध्ये दाबतात आणि शेवटी ट्रिमरवर अचूक माप घेतात. जुन्या पुंगळीच्या धडाचे पितळ आता गळ्यात येते. ते जाड असेल तर गोळी बसल्यावर गळा चेंबरमध्ये आवळतो. म्हणून लांबीइतकीच भिंतीची जाडी तपासावी लागते.

छाटणीची चर्चा साधनांभोवती फिरते, पण खरा प्रश्न छाटलेले पितळ आले कुठून हा आहे. त्यातले बरेचसे बुडाच्या किंचित वरच्या भिंतीतून येते आणि तिथे पुंगळी आतून पातळ होत जाते. बाहेरून चकचकीत कडे दिसू लागले, किंवा आत घातलेल्या वाकड्या तारेचे टोक एका खाचेत अडले, तर पुढच्या बाराला बूड तुटून वेगळे होण्याची शक्यता असते. छाटणीने माप बरोबर येते, हा दोष मात्र झाकला जातो. त्यामुळे किती वेळा छाटली याची नोंद ठेवून ठरावीक फेऱ्यांनंतर पुंगळी भंगारात काढण्याची शिस्त कोणत्याही महागड्या ट्रिमरपेक्षा मोलाची आहे.

कारखान्यात कारण निराळे. पितळी पट्टीतून चकती, चकतीतून कप आणि कप पंचने ओढत ओढत नळी अशी पुंगळी घडते. मधे मधे भट्टीत तापवून पितळ मऊ करावे लागते. पट्टीचे गुण सर्व दिशांना सारखे नसल्याने ओढलेल्या नळीचे तोंड उंचसखल येते, ते कापावेच लागते. अंबरनाथची फॅक्टरी अलोह धातूंच्या कामासाठी आणि असे पितळी कप पुरवण्यासाठी ओळखली जाते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झाल्यावर ती नागपूरस्थित यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली.

कोकणपट्टीच्या हवेत पितळाची आणखी एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्रजांच्या फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की गळ्याशी आपोआप तडकत. ओढकामात पितळात राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया हे त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. उपाय म्हणून तोंडाकडचा भाग तापवून ताण काढतात. पुंगळ्या चमकवायला अमोनियायुक्त पॉलिश वापरू नये, ते यामुळेच.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात. कलम ५ नुसार निर्मितीला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या उल्लंघनाला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. शस्त्र बाळगण्याचा परवाना ठाणे आणि नवी मुंबई पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत आयुक्त देतात, पण त्यात घरी काडतूस भरण्याची मुभा नसते. येथील नवोदित नेमबाज बहुधा १० मीटर एअर रायफलीवर शिकतात, तिला पुंगळीच नसते. .२२च्या काडतुसात पेटवणारे मिश्रण बुडाच्या काठातच भरलेले असल्याने ते नेहमीच्या रीतीने पुन्हा भरताच येत नाही.