स्पेशल एडिशन कॅमेरा घ्यायचा विचार आहे? पैसे भरण्याआधी हे वाचा

(आमच्याकडून कॅमेरे विकत घेणाऱ्या, भाड्याने नेणाऱ्या आणि दुरुस्तीला आणणाऱ्या सगळ्या फोटोग्राफर मंडळींसाठी)

लग्नाचा सीझन संपला, पार्ट्यांकडून उरलेलं पेमेंट आलं की दुकानात एक प्रश्न हमखास येतो, की दादा ही लिमिटेड एडिशन निघालीये, मोजकेच पीस आहेत, घेऊन टाकू का? आमचं उत्तर आधीच सांगतो म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल: कॅमेऱ्यावर तुमचं घर चालत असेल तर त्याच मॉडेलची साधी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घ्या आणि वाचलेल्या पैशात सेकंड बॉडी, लेन्स, फ्लॅश यातलं जे कमी आहे ते घ्या. हौस म्हणून घेणार असाल, जमवायची आवड असेल, तर आम्ही त्यात मोडता घालणार नाही, सुंदर वस्तू आवडण्यात चूक काहीच नाही आणि आम्हालाही त्या हातात घ्यायला फार आवडतात. पण धंद्याच्या पैशातून, त्यातही ईएमआयवर घेणार असाल तर पुढचं सगळं नीट वाचा.

आत काय आहे ते आधी बघा

स्पेशल एडिशन म्हणजे बहुतेक वेळा साध्या मॉडेलचाच सेन्सर (फोटो टिपणारा भाग), तोच प्रोसेसर, तोच शटर, आणि वरून वेगळं कातडं, वेगळा रंग, कोरलेला नंबर आणि भारी खोका. फोटो आतल्या भागांतून येतो, वरच्या कातड्यातून नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण हॅसलब्लाडचं आहे. ही स्वीडनची कंपनी, 1969 मध्ये अपोलो 11 बरोबर चंद्रावर गेलेले कॅमेरे यांचेच, स्टुडिओवाल्यांमध्ये नाव काढलं तरी मान मिळायचा. त्यांनी 2012 मध्ये लुनार नावाचा कॅमेरा जाहीर केला, लाकडाची ग्रिप, कार्बन फायबर, टायटॅनियम, इटालियन डिझाईन, किंमत साधारण पाच हजार युरो. आणि आत होता सोनीचा नेक्स-7, जो 2011 मध्येच आला होता आणि ज्याची बॉडी बाराशे डॉलरच्या आसपास मिळत होती. तेच 24 मेगापिक्सल, तोच माउंट (लेन्स बसवायची जागा). पुढे सोनीच्या आरएक्स100 वर बेतलेला स्टेलर आला, ए99 वर बेतलेला एचव्ही आला, तो तर अकरा हजार डॉलरच्या वर. काम करणाऱ्या फोटोग्राफरांनी हे कॅमेरे घेतलेच नाहीत म्हटलं तरी चालेल, नंतर मोठ्या सवलती देऊन माल काढावा लागला, कंपनीने ती वाट सोडली आणि 2016 मध्ये स्वतःचा एक्स1डी हा मीडियम फॉरमॅट (नेहमीपेक्षा मोठ्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा आणला. तो महाग होता पण त्यात पैसा सेन्सरला आणि लेन्सला होता, म्हणून तो लोकांनी कामाला लावला. महाग कॅमेऱ्याला आमचा विरोध अजिबात नाही हे इथे स्पष्ट करतो, पैसा कुठल्या भागाला जातोय एवढंच आम्ही विचारतोय.

सगळ्याच एडिशन इतक्या टोकाच्या नसतात. फुजीने 2024 मध्ये एक्स100सहाची लिमिटेड एडिशन काढली, कंपनी 1934 ची म्हणून जगभरात 1934 पीस, वर जुना लोगो. तेव्हा साधा 1599 डॉलरला होता, हा 1999 डॉलरला. फरक चारशे डॉलरचा म्हणजे आपल्याकडे तीस हजारांच्या वरच, आणि आत काडीचा बदल नाही. ज्याला आवडला त्याने घेतला, ठीक आहे, पण तीस हजारात दोन चांगली कार्डं, जास्तीच्या बॅटऱ्या आणि बॅकअपची हार्ड डिस्क येते आणि या तिन्ही गोष्टींवाचून अडलेली माणसं आम्ही दर सीझनला बघतो.

कपडे नवे राहतात, सेन्सर जुना होतो

फिल्मच्या काळात ही गोष्ट वेगळी होती. निकॉनने 1984 मध्ये एफए या फिल्म कॅमेऱ्याचा सोन्याचा मुलामा दिलेला मॉडेल काढला, त्यात आजही नवा रोल टाकलात की आजचाच फोटो येतो, कारण सेन्सरचं काम फिल्म करते आणि ती दर वेळी नवी असते. डिजिटलमध्ये तसं नाही. बॉडी टायटॅनियमची असो नाहीतर सोन्याची, आतला सेन्सर तीनचार वर्षांत मागे पडतो, ऑटोफोकस त्याहून लवकर.

जर्मनीच्या लायका कंपनीने 2010 मध्ये एम9 टायटॅनियम काढला. फोक्सवॅगनचे डिझाईन प्रमुख वॉल्टर डी'सिल्व्हा यांनी केलेलं डिझाईन, 500 पीस, एका लेन्ससकट वीस हजार युरोच्या वर. साधा एम9 सात हजार डॉलरच्या आसपास होता. आत दोघांत तोच 18 मेगापिक्सलचा सीसीडी सेन्सर. पुढे त्या सेन्सरवरच्या काचेला गंज धरायला लागला, एफ11-एफ16 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) बारीक केलं की, आकाशात पांढुरक्या कड्यांचे ठिपके दिसायचे, आणि हा दोष साध्याला एक आणि टायटॅनियमला दुसरा असा नव्हता. कंपनीने बरीच वर्षं सेन्सर बदलून दिले पण ते सेन्सरच संपले तेव्हा तेही थांबलं. ज्याने साधा घेतला होता त्याने तो तोपर्यंत वापरून पैसे वसूल केलेले, ज्याने वरचे लाख मोजले त्याच्या हातात सुंदर पण आजारी बॉडी. म्हणून सेकंडहँड एम9 कुठल्याही एडिशनचा घ्यायला निघालात तर आधी बारीक अ‍ॅपर्चरला कोऱ्या भिंतीचा फोटो काढून बघा, किंवा आमच्याकडे आणा आम्ही तपासून देतो.

खरी अडचण: वापरता येत नाही

किमतीपेक्षा मोठा मुद्दा आमच्या मते हा आहे. लिमिटेड एडिशनची वरची जी किंमत असते ती टिकते मिंट कंडिशनवर, म्हणजे ओरखडा नाही, खोका, कार्ड, पट्टा सगळं जागच्या जागी. आणि आपलं काम कसं असतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको, जेजुरीला सोमवतीला गेलात की भंडारा लेन्सच्या रिंगमध्ये, बटणांच्या फटीत, व्ह्यूफाइंडरमध्ये सगळीकडे जातो, विसर्जनाला गुलाल, वारीत आषाढाचा पाऊस आणि दिवेघाटातली गर्दी, लग्नात दोन बॉड्या एकमेकींवर आपटत असतात आणि मंगलाष्टका संपताना अक्षतांचा मारा. अशा कामात बॉडीचा रंग उडणारच, उडायलाच हवा. पण स्पेशल एडिशन गळ्यात असेल तर माणूस गर्दीत शिरायच्या आधी विचार करतो, पावसात पिशवीतच ठेवतो, आणि तो फोटो गेला. वापरला तर वरची किंमत गेली, नाही वापरला तर कामाचा दिवस गेला, दोन्हीकडून नुकसान तुमचंच.

आमच्या एका ग्राहकाने अशी एक एडिशन घेतली आणि लग्नाच्या कामाला मात्र आमच्याकडून साधी बॉडी भाड्याने न्यायला लागले, कारण महागडी बॉडी हॉलवर न्यायची भीती वाटायची. आम्हाला भाडं मिळालं खरं पण मनापासून सांगतो, वाईट वाटलं.

इथेच 2015 ची आणखी एक लायका सांगतो, एम-पी करस्पाँडंट, गायक लेनी क्रॅव्हिट्झ यांच्याबरोबर काढलेली, 125 सेट, 35 आणि 50 अशा दोन लेन्ससकट किंमत 24 हजार डॉलरच्या वर. तिची खासियत अशी की काळा रंग कारखान्यातच हाताने घासून खालचं पितळ दाखवलंय, वर्षानुवर्षं बातमीच्या कामात वापरलेल्या कॅमेऱ्यासारखं. त्यामागची भावना आम्हाला कळते, झिजलेल्या कॅमेऱ्यात एक रुबाब असतोच. पण तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या बॉडीचे कोपरे असेच उघडे पडलेत आणि ते तुमच्या स्वतःच्या कामाने पडलेत, त्याचे वेगळे पैसे द्यायची गरज नाही.

कुठे जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही

जिथे वेगळी आवृत्ती कामाला वेगळी आहे तिथे जरूर द्या. निकॉनच्या एफ3 या फिल्म कॅमेऱ्याचं बघा. साध्या एफ3 मध्ये फ्लॅश बसवायची खाच (शू) रोल गुंडाळायच्या रिवाइंडच्या बाजूला असायची, म्हणजे रोल बदलायला फ्लॅश काढा, पुन्हा लावा. प्रेसवाल्यांसाठी त्यांनी एफ3पी काढला, त्यात प्रिझमच्या वर नेहमीचा हॉट शू, शटर स्पीडची डायल मोठी, आणि पाऊस-धुळीसाठी जास्तीची सीलिंग. हीसुद्धा स्पेशल आवृत्तीच, पण ती कोणाच्या तरी कामाकडे बघून बनवलेली. निकॉनच्याच एफएम2 टी चं टायटॅनियमसुद्धा तसंच, वजन जरा कमी आणि मार खायची ताकद जास्त. लायकाच्या पी मॉडेलमध्ये पुढचा लाल ठिपका (लोगो) नाही आणि एम10-पी मध्ये तर शटरचा आवाजही आणखी कमी, रस्त्यावर किंवा देवळात काम करणाऱ्याला याचा खरोखर उपयोग होतो. लायकाची 2014 ची एडिशन 60 हीसुद्धा आम्ही यात धरतो, तिला मागे स्क्रीनच नव्हता, 600 सेट निघाले, लोकांना ती पद्धत आवडली आणि 2016 मध्ये तीच गोष्ट एम-डी म्हणून साध्या मॉडेलमध्ये आली. थोडं थांबलं की कामाची गोष्ट बऱ्याचदा साध्या मॉडेलमध्ये येते.

आता लायकाचा विषय निघालाच आहे तर लग्नवाल्यांना एक सांगून ठेवतो, एम सिरीजला ऑटोफोकस नाही, एम10 ला कार्डाचा स्लॉट एकच, एम11 ला एका कार्डाबरोबर आत 64 जीबी मेमरी दिलीये तेवढाच बॅकअप. डॉक्युमेंटरीला, पोर्ट्रेटला उत्तम कॅमेरा, आमचाही जीव त्याच्यावर आहे, पण सप्तपदीला एकटी तीच बॉडी घेऊन उभं राहू नका, मग ती साधी असो की सोन्याची.

काही जण म्हणतात की भारी कॅमेरा बघून क्लायंट जास्त पैसे देतो. मोठ्या शहरात, खूप श्रीमंत घरांच्या पोर्ट्रेटमध्ये थोडंफार होत असेल. बाकी ठिकाणी पार्टी तुमचा आधीचा अल्बम बघते, रील बघते आणि डिलिव्हरी कधी देणार ते विचारते, कातडं कुठलं आहे हे विचारत नाही.

घेऊनच टाकला असेल तर

हे जरा सविस्तर सांगतो कारण इथे नुकसान टाळता येतं. आपल्याकडचा पावसाळा, त्यातही मुंबई-कोकणातला, लेन्सला फंगस आणतो तसा कातड्यालाही बुरशी आणतो. बंद खोक्यात, फोममध्ये ठेवलेली एडिशन सगळ्यात लवकर खराब होते कारण फोम ओल धरून ठेवतो. ड्राय कॅबिनेटमध्ये 40 ते 50 टक्के आर्द्रतेवर ठेवा, तेवढं जमत नसेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेल, आणि ते दर काही दिवसांनी गरम करून कोरडं करायचं. महिन्यातून एकदा तरी शटर चालवा, लेन्सच्या रिंगा फिरवा. बॅटरी आत ठेवून विसरू नका.

दुरुस्ती आमच्याकडे होते, शटर, माउंट, सर्किट साध्या मॉडेलसारखंच. पण खास रंगाचं कातडं फाटलं किंवा कोरलेली वरची प्लेट दबली तर तसाच पार्ट मिळेल असं आम्ही वचन देत नाही, साधा पार्ट बसवला तर कॅमेरा चालेल पण संग्रहाची किंमत जाईल, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही वरचं काही बदलत नाही. काही जुन्या एडिशनमध्ये घोरपडीचं, सापाचं कातडं असतं, असली वस्तू परदेशातून मागवताना वन्यजीव कायद्याचे परवाने लागतात आणि ते नसले तर कस्टम्समध्ये माल अडकतो, तेव्हा ऑनलाइन लिलावात बोली लावण्याआधी कातडं कशाचं आहे ते लिहून मागा.

परदेशातून नातेवाइकाकडून आणवणार असाल तर वॉरंटी भारतात चालते का ते आधी विचारा. इथे बिलावर घेतलात आणि तुमचा जीएसटी नंबर असेल तर क्रेडिट मिळतं का, कॅमेरा धंद्याच्या नावावर दाखवून घसारा कसा घ्यायचा, हे सीएला विचारून घ्या, आणि त्यांना हेही खरं सांगा की कॅमेरा कामाला वापरणार आहात का कपाटात ठेवणार आहात. इन्शुरन्सवाला साधारणपणे वापरलेल्या कॅमेऱ्याचा बाजारभाव धरतो, एडिशनचा नाही, म्हणून पॉलिसीत रक्कम आणि एडिशनचा नंबर दोन्ही लिहून घ्या.

अजून ठरत नसेल तर त्याच मॉडेलची साधी बॉडी आमच्याकडून शनिवार-रविवार भाड्याने न्या, खऱ्या कामाला वापरा. सोमवारी परत करताना कार्ड सोबत आणा, मोठ्या स्क्रीनवर फोटो लावून बघू. त्या फोटोंत जे कमी वाटेल ते एडिशनने भरून निघणार आहे की लेन्सने, लाइटने, हे दोघं मिळून बघू, आणि लेन्सने भरून निघणार असेल तर आम्ही तुम्हाला एडिशन विकणार नाही, ऑर्डर द्यायला आलात तरी.

विकायला आणत असाल तर खोका, नंबरचं कार्ड, मूळ पट्टा, बिल सगळं आणा, बॉडी घरी पुसत बसू नका, स्पिरिट तर अजिबात लावू नका, आहे तशी घेऊन या.