अंगावर पिणाऱ्या बाळाचा ताप

केवळ आईच्या दुधावर असलेल्या, किंवा सहा महिन्यांनंतर वरच्या खाण्यासोबत अंगावर पिणाऱ्या बाळाला आलेला ताप आणि त्या काळात, विशेषतः सोलापूर भागात, घ्यायची काळजी. काखेत लावलेल्या तापमापीवर ३७.५ अंश सेल्सिअस (९९.५ फॅरनहाइट), तर गुदद्वारातून मोजल्यास ३८ अंश (१००.४ फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त आकडा आला की ताप समजतात. घरी गुदद्वारातून मोजायच्या फंदात पडू नये, काख पुरेशी आहे. काखेतला घाम पुसून डिजिटल तापमापीचे टोक खोबणीत बसवावे, हात छातीशी दाबून धरावा आणि ती वाजेपर्यंत सोडू नये. कपाळावर रोखायची बंदूक उन्हातून आत आणलेल्या बाळाच्या बाबतीत फसवते. सोलापुरात दवाखान्यात आणि घरात तापाचे बोलणे फॅरनहाइटमध्येच चालते. ‘शंभर होता, रात्री एकशे दोनवर गेला’ असे सांगताना कुठे मोजला आणि किती वाजता, हेही सांगावे.

आकड्याच्या आधी वय पाहावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप हे गंभीर जंतुसंसर्गाचे लक्षण धरले जाते; त्याला घरी औषध देऊन ‘उद्या बघू’ म्हणता येत नाही. पहिल्या २८ दिवसांत तर बहुधा दाखल करून रक्त, लघवी आणि गरज पडल्यास पाठीतले पाणी तपासतात. तीन महिन्यांपर्यंत त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. इतक्या लहान जिवात संसर्ग असूनही ताप न येता अंग उलट गार पडू शकते, म्हणून काखेत ३५.५ च्या खाली आकडा आला तरी धोका तितकाच. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांच्या पिशवीत तापमापी असते; ती लावून घ्यावी.

उन्हाळा : ऊब की ताप

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४२ अंशांच्या आसपास असतो आणि पत्र्याच्या घरात दुपारी त्याहून वाईट स्थिती होते. नवजात बाळाला घाम नीट येत नाही, त्यात बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या बंद, शेजारी शेकाची शेगडी, बाळाच्या डोक्यावर टोपडे, पायांत मोजे आणि वरून सोलापुरी चादर. ही चादर जाड विणीच्या सुताची, थंडीत उत्तम. मे महिन्यात मात्र तिच्या घडीतल्या बाळाचे अंग नुसत्या उबेने ३८ पर्यंत जाऊ शकते. याला आजार म्हणत नाहीत, पण तापमापीला ते कळत नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. चादर, टोपडे, मोजे काढावेत, एकेरी सुती झबल्यावर बाळाला घरातल्या सर्वांत गार जागी न्यावे, अंगावर पाजावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. उबेने तापलेल्या बाळाचे हातपायही पोटाइतकेच गरम, लालसर असतात आणि आकडा उतरतो. पोट-पाठ भाजते पण तळहात-तळपाय गार, असे असेल तर तो बहुधा खरा ताप. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा अर्ध्या तासानेही ३७.५ वर राहिला, किंवा बाळ मलूल दिसले, तर आणखी थांबू नये. पंखा चालतो, कूलरचा झोत थेट अंगावर नको, त्याची हवा भिंतीवर आदळून येऊ द्यावी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारा आणखी एक ताप असतो : पहिलटकरणीचा पान्हा अजून नीट आलेला नाही, बाळ किरकिरते, लघवी विटकरी रंगाची आणि थोडी, वजन जन्मापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घटलेले. हा अंगातले पाणी कमी पडल्याचा ताप दूध पोटात जाऊ लागले की उतरतो. पण तो जंतुसंसर्गाचा नाही हे घरी बसून ठरवता येत नाही, डॉक्टरांनीच ठरवावे लागते.

पाजणे

तापात अंगावर पाजणे थांबवायचे नाही, वाढवायचे. ‘आईचे दूध गरम पडले’, ‘तिने दही खाल्ले म्हणून बाळाला बाधले’ या समजुतींना आधार नाही. दूध आईच्या शरीराच्याच तापमानाचे असते. त्यात सुमारे ८७-८८ टक्के पाणी असते, म्हणून सहा महिन्यांच्या आत सोलापूरच्या उन्हाळ्यातही वेगळे पाणी, ग्लुकोजचे पाणी किंवा सब्जाचे पाणी लागत नाही. इवल्या पोटात चार चमचे पाणी गेले की तेवढे दूध कमी जाते, आणि काही दिवसांआड येणाऱ्या नळाचे साठवलेले पाणी असेल तर जुलाबाची भीती वेगळीच. पाणी प्यायचे ते आईने. दर वेळी पाजायला बसताना तिच्या हाताशी तांब्या भरलेला असावा.

तापातले बाळ एका दमात फारसे ओढत नाही. दोन-तीन मिनिटे पिते, सोडते, डोळे मिटते. त्याला ‘पोट भरले’ समजू नये. दर दीड-दोन तासांनी, रात्रीही उठवून, थोडे थोडे पाजावे. सर्वांत सोपे म्हणजे अर्धवट झोपेत असताना. नाक चोंदलेले असेल तर त्याला एकाच वेळी श्वास घेता आणि ओढता येत नाही, म्हणून ते तोंडात घेते आणि रडून सोडते. अशा वेळी पाजण्याआधी दहा मिनिटे प्रत्येक नाकपुडीत मिठाच्या पाण्याचे तयार औषधी थेंब एक-दोन टाकावेत आणि बाळाला जरा उभे धरून पाजावे. नाकात तेल किंवा आईचे दूध पिळू नये.

बाळ कमी ओढू लागले की आईची छाती दाटते, ठणकते, गाठी होतात. पाजून झाल्यावर उरलेले दूध हाताने काढावे : अंगठा आणि बोटे काळ्या वर्तुळाच्या कडेमागे ठेवून आधी छातीकडे दाबायचे, मग एकमेकांकडे, त्वचेवर घासायचे नाही. हे दूध वाटी-चमच्याने किंवा चोचीच्या वाटीने बाळाला देता येते. जुन्या घरांत चांदीचे बोंडले असते. ते चालेल, पण त्याच्या चोचीच्या आत ब्रश जात नसेल तर साधी स्टीलची वाटी बरी. काढलेले दूध साधारण २५ अंशांच्या खोलीत चार तास टिकते. मे महिन्यातल्या खोलीला हा हिशेब लावू नये. लगेच पाजावे किंवा फ्रीजमध्ये ठेवावे.

आईलाही ताप असेल, अगदी डेंग्यू असला तरी, सहसा पाजणे चालूच ठेवतात. पॅरासिटामॉल तिला चालते. स्तनात गाठ येऊन ताप आला असेल तर त्याच बाजूने पाजत राहिल्याने दाटलेले दूध मोकळे होते. सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरोघरी बायका बीड्या वळतात. तंबाखूची भुकटी नखांत आणि पदरावर राहते. बाळाला घेण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत आणि वरचा कपडा बदलावा. बीडीचे सूप आणि पाळणा एका खोलीत नसावेत.

नुसत्या दुधावरच्या बाळाला दिवसातून सहा-आठ वेळा पिवळी, पातळ, दाणेदार शी होऊ शकते. तो जुलाब नव्हे. खरेच पाण्यासारखे होत असेल तर दुधासोबत ओआरएस (जलसंजीवनी) चमच्याने द्यावे. सहा महिन्यांच्या आतही ते औषध म्हणून चालते. सहा महिन्यांपुढच्या बाळाला मऊ भात, ज्वारीच्या पिठाची सरसरीत पेज असे खाईल तेवढे द्यावे, आणि ताप उतरल्यावर दोन आठवडे रोज एक वेळ जास्त भरवावे.

औषध

तीन महिन्यांपुढचे बाळ तापात बेचैन असेल, पीत नसेल, तर पॅरासिटामॉल द्यावे. खेळत-पीत असेल तर शंभर-एकशे एकच्या तापाला औषध दिलेच पाहिजे असे नाही. मात्रा वजनावर ठरते, वयावर नव्हे : किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तास अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही.

घोटाळा बाटलीत होतो. लहान बाटलीतले थेंब बहुधा १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे असतात. सिरप मात्र ५ मिलिलिटरला १२० किंवा २५० मिलिग्रॅमचे. सहा किलोच्या बाळाला ६० ते ९० मिलिग्रॅम लागते. म्हणजे थेंबांचे ०.६ ते ०.९ मिलिलिटर, १२० च्या सिरपचे अडीच ते पावणेचार, २५० च्या सिरपचे १.२ ते १.८. मोठ्या भावाच्या सिरपची ‘तीन एमएल’ सवय थेंबांच्या बाटलीला लावली तर बाळाच्या पोटात ३०० मिलिग्रॅम जाते, किलोमागे ५०. जवळजवळ अख्ख्या दिवसाची मात्रा एका वेळी, आणि मार यकृतावर. उलट चूकही नेहमीची : थेंबांचे ‘पाऊण एमएल’ सिरपमधून दिले की १८ मिलिग्रॅमच जाते, ताप हलत नाही आणि घरचे ‘जालीम औषध द्या’ म्हणून दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतात. म्हणून बाटलीवरचा मिलिग्रॅमचा आकडा वाचावा, सुई नसलेल्या सिरिंजने मोजावे, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडावे. स्वयंपाकघरातला चमचा मापाचा नसतो. अर्ध्या तासाच्या आत सगळे ओकले तर एकदा पुन्हा देता येते. त्यानंतर ओकले तर नाही.

आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक आम्ल सहा महिन्यांच्या आत नको, आणि डेंग्यूची शंका असेल तर कोणत्याही वयात नको, रक्तस्राव वाढतो. ॲस्पिरिन नाहीच. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे. सर्दीच्या जोड-औषधांत पुष्कळदा पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे मात्रा दुप्पट होते. त्यांतल्या क्लोरफेनिरामिन-फिनाइलएफ्रिन जोडीवर ‘चार वर्षांखाली वापरू नये’ असे छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितले.

पट्ट्या, चादर आणि सहाण

ताप चढताना हातपाय गार पडतात, बाळ शहारते. तेवढ्यापुरते एक दुपटे घालावे आणि थरथर थांबली की काढावे. ‘घाम काढायला’ चादरीत गुंडाळल्याने उष्णता आत कोंडते. बर्फाच्या, मिठाच्या किंवा कोलनवॉटरच्या पट्ट्या नकोत : गार पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, कापरे भरते आणि आतला ताप वाढतो, कोलनवॉटरमधले स्पिरिट तर कातडीतून आत शिरते. पुसायचेच तर कोमट पाण्याने, तेही बाळाला बरे वाटत असेल तोवरच. सहाणेवर उगाळलेली गुटी तापात देऊ नये, आणि ती मधातून तर वर्षाच्या आत कधीच नाही. मधातल्या बीजाणूंमुळे बोटुलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. दृष्ट काढल्याने बिघडत काही नाही, फक्त मिरच्यांचा धूर पाळण्यापासून दूर ठेवावा.

टाळूबद्दल मात्र आजीबाईंची नजर खरी असते. ‘टाळू खोल गेली’ म्हणजे अंगातले पाणी कमी झाले. पण त्यावर टाळू भरणे, म्हणजे तेल थापणे, हा उपाय नाही, दूध हवे. न रडता, मांडीवर उभे धरलेल्या बाळाची टाळू फुगून ताठ दिसली तर मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते.

कारणे

बहुतेक ताप विषाणूंचे असतात आणि तीन-चार दिवसांत जातात. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याच्या लशींनंतरचा ताप एक-दोन दिवस टिकतो; त्यासाठी लस देताना सांगितलेली मात्राच द्यावी. नवव्या महिन्यातल्या गोवर-रुबेला लशीचा ताप आठवड्याभराने येतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. सर्दी नाही, खोकला नाही, नुसताच ताप असेल तर लघवी तपासावी. वर्षाच्या आत मूत्रमार्गाचा संसर्ग पुष्कळदा ओळखायचा राहून जातो. दात येताना किंचित कणकण असते. एकशे एकचे खापर दातांवर फोडू नये. साठवणीच्या पिंपांमुळे शहरात डेंग्यूचे डास घरातच वाढतात. डेंग्यूत ताप उतरतो त्या दिवसापासून पुढचे एक-दोन दिवस धोक्याचे असतात.

दवाखाना कधी

बाळ लागोपाठ दोनदा छातीला लागत नाही, उठवूनही उठत नाही, आठ तासांत लघवी नाही, हिरवी उलटी, कातडीवर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके : यांतले एक पुरे. झोपेत, कपडा वर करून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा त्याहून जास्त, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा त्याहून जास्त असतील, किंवा पोट उडत असेल आणि बरगड्यांखाली खळी पडत असेल, तर निघावे. आकडी आली तर बाळाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, तोंडात चमचा-बोट-औषध काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ जातो. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करावा. थांबली तरी पहिल्या आकडीनंतर त्याच दिवशी दाखवावे, सहा महिन्यांच्या आत तर लगेच.

सोलापुरात ‘सिव्हिल’ म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडून येताना, बाळ शुद्धीत असेल आणि धाप नसेल तर वाटेत पाजत यावे. सोबत लसीकरणाचे कार्ड, दिलेल्या औषधाची बाटलीच आणि शेवटची मात्रा किती वाजता दिली त्याची चिठ्ठी घ्यावी.