ट्रंकेत राहिलेले शेअर

ठाण्यात नौपाडा किंवा चरईतली जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली की माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली येते. विम्याच्या पॉलिसी, जुनी रेशनकार्डं आणि तळाशी पिवळी पडलेली शेअर सर्टिफिकिटं. आमच्याकडेही निघाली. दहा रुपये दर्शनी किमतीचे पन्नास शेअर, 1986 साली घेतलेले. मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदींचे रकाने, सगळे कोरे. अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, ‘काय संयम होता त्या पिढीला!’ मला ते अर्धंच पटतं.

आधी हे कागद ठाण्यात आले कसे ते पाहू. 1962 मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली, वागळे इस्टेट उभी राहिली, ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आले. पगारदार माणूस तयार झाला. 1973 च्या फेरा या परकीय चलनाच्या कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा 40 टक्क्यांवर आणायला लावलं. उरलेले शेअर इथल्या लोकांना विकायचे आणि भाव ठरवणार दिल्लीतले सरकारी अधिकारी, कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज, तोही बहुधा कमीच. 1977 मध्ये रिलायन्सने 28 लाख शेअर दहा रुपयांना विकले. ‘शेअर म्हणजे जुगार’ म्हणणाऱ्या घरांतूनही मग अर्ज भरले जाऊ लागले.

घेणं सोपं होतं. विकणं म्हणजे उद्योगच. ट्रान्स्फर डीड, म्हणजे हस्तांतराचा फॉर्म, भरा, तिकिटं चिकटवा, सही अर्जावरच्यासारखी करा, सब-ब्रोकरकडे द्या. तो फोर्टला शेअर बाजारात पाठवणार, वलण म्हणजे हिशेब पुरा करायची मुदत संपायची वाट पाहणार. महिन्यांनी पाकीट परत यायचं : ‘सही जुळत नाही.’ याला म्हणायचे बॅड डिलिव्हरी. सही आपलीच असल्याचं बँकेकडून लिहून घ्यायला खेटे घालणाऱ्याने दुसऱ्यांदा विकायचं नावच काढलं नाही. 22 एप्रिल 1992 ला सेन्सेक्स 4,467 वर होता, वर्षभरात निम्म्याच्या खाली आला. घाबरले सगळेच. पण ट्रंक उघडून डीड भरायला बसेपर्यंत भीती ओसरायची. त्या पिढीच्या संयमात स्वभावाचा वाटा असेलही, कागदाचा मोठा होता.

1996 मध्ये डिपॉझिटरी कायदा आला, शेअर खात्यातल्या नोंदी झाले. 2003 मध्ये व्यवहार दोन दिवसांत पुरा होऊ लागला, जानेवारी 2023 पासून एका दिवसात. बनावट आणि हरवलेल्या सर्टिफिकिटांचा जाच गेला हे उत्तमच झालं. सोबत तो आडकाठीचा काळही गेला. आता मुलुंड ते घाटकोपर लोकलमध्ये उभ्या उभ्या शेअर घेऊन विकता येतो. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या भावांवरचे सौदे, करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात होते. (प्राप्तिकर खात्याच्या लेखी बारा महिन्यांपेक्षा जास्त धरला की शेअर ‘दीर्घ मुदतीचा’. आमच्या आजीने लोणचंही त्याहून जास्त मुरवलं असतं.)

पण नुसतं धरून बसल्याने सोनं होतं असंही नाही. ठाण्याच्या कॅडबरी जंक्शनला ज्या कंपनीचं नाव चिकटलं, तिच्या परदेशी मालकाने 2002 मध्ये 500 रुपयांनी शेअर परत घ्यायला सुरुवात केली. मग हा शेअर बाजाराच्या यादीतून काढला गेला. काहींनी तो दिलाच नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि 2014 मध्ये 2,014 रुपये 50 पैसे भाव मान्य झाला. चौपट! ऐकायला झकास, पण त्याच काळात सेन्सेक्स साधारण सातपट झाला होता. आणि मधली बरीच वर्षं हा शेअर बाजारात विकायची सोयच नव्हती.

आमच्या पन्नास शेअरांचं सांगायचं राहिलं. घर बदलल्यावर पत्ता कळवला नव्हता. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर कायद्याने शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तसेच गेले. परत मिळवायला अर्ज केला. बाबा आता चौऱ्याऐंशीचे, पेन धरलं की हात थरथरतो. पंधरा दिवसांनी शेरा आला : सही जुळत नाही. सोमवारी त्यांना घेऊन बँकेत जायचं आहे.