रोध तारेचा, रोधकता तांब्याची

वेदगंगेच्या काठावर मोटार आणि तिथून ३०० मीटरवर, बांधावरच्या खोलीत स्टार्टर, ही निपाणीकडच्या ऊस बागायतीतली नेहमीची मांडणी आहे. अशा जागेसाठी केबल घ्यायला गेल्यावर दुकानदार ‘तांब्याची अडीच एमएम घेता की ॲल्युमिनियमची चार?’ असे विचारतो. हे ‘एमएम’ म्हणजे खरे तर चौरस मिलीमीटर, तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ. आणि या एका प्रश्नात रोध, म्हणजे विद्युतप्रवाहाला तारेकडून होणारा अडथळा, व रोधकता या दोन्ही गोष्टी आलेल्या असतात.

रोधकता हा पदार्थाचा गुण आहे. २० अंश सेल्सिअसला तांब्याची रोधकता सुमारे १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर आणि ॲल्युमिनियमची सुमारे २.८ × १०⁻⁸ ओहम-मीटर असते. बोटभर तुकडा घेतला काय किंवा अख्खे बंडल घेतले काय, तापमान तेच असेपर्यंत हे आकडे बदलत नाहीत. रोध मात्र त्या विशिष्ट तारेचा असतो. रोधकतेला लांबीने गुणून छेदाच्या क्षेत्रफळाने भागले की तो ओहममध्ये मिळतो.

आता वरच्या केबलचा हिशेब करू. ३०० मीटर लांब, अडीच चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या एका तारेचा रोध सुमारे २ ओहम येतो, आणि तेवढ्याच लांबीच्या चार चौरस मिलीमीटर ॲल्युमिनियमच्या तारेचा २.१ ओहम. म्हणजे पदार्थ वेगळे, रोधकता दीडपटीहून जास्त वेगळी, तरी रोध जवळजवळ सारखाच. पाच एचपीची थ्री फेज मोटार साधारण साडेसात अँपिअर प्रवाह घेत असेल, तर दोन्ही प्रकारांत प्रत्येक तारेत पंधरा-सोळा व्होल्टचा दाब घटतो. त्यामुळे ‘ॲल्युमिनियमची रोधकता जास्त, म्हणून ती केबल वाईटच’ हे विधान जाडी विचारल्याशिवाय करता येत नाही.

विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतात ते एककात. ओहम-मीटर हा गुणाकार आहे, ‘दर मीटरला ओहम’ नव्हे. दर मीटरला किती ओहम हा आकडा त्या जाडीच्या तारेचा असतो, तांब्याचा नव्हे.

तापमानाने मात्र रोधकताच बदलते. २३० व्होल्टच्या १०० वॅट बल्बची तार पेटलेली असताना तिचा रोध ५२९ ओहम असतो आणि थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. इथे लांबी-जाडी जवळपास तीच राहिली, बदलली ती टंगस्टनची रोधकता.

हाच फरक जमिनीत अधिक ठळक दिसतो. खानापूरकडची जांभ्याची कोरडी जमीन आणि अथणी-चिकोडीकडची ओल धरणारी काळी जमीन यांच्या रोधकतेत मोठे अंतर असते, म्हणून एकाच मापाची सळई पुरूनही अर्थिंगचा रोध सारखा येत नाही. मे महिन्यात खड्ड्यात पाणी ओतले की सळईभोवतीच्या मातीची रोधकता उतरते. पुरेशा अंतरावर दुसरी सळई पुरून पहिलीला जोडली, तर माती तशीच राहते आणि अर्थिंगचा रोध मात्र कमी होतो. अर्थ टेस्टरवर दिसणारा आकडा ओहमचाच असतो. मातीची रोधकता हवी असेल तर फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये मांडलेल्या पद्धतीने चार सळया एका ओळीत, समान अंतरावर आणि त्या अंतराच्या मानाने उथळ रोवतात आणि त्यांना जोडलेल्या टेस्टरवर येणाऱ्या ओहमच्या आकड्याला २π व मीटरमधल्या त्या अंतराने गुणतात.