ड्राफ्टमध्ये वर सरकायचं की जागेवर थांबायचं?

२७ एप्रिल २०१७ च्या रात्री एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या क्रमवार निवडीत, शिकागो बेअर्स संघाने तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी सौदा केला आणि मिचेल ट्रुबिस्की हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) घेतला. थोड्याच वेळात कॅन्सस सिटी चीफ्स २७ व्या क्रमांकावरून दहाव्यावर आले आणि त्यांनी पॅट्रिक माहोम्स या क्वार्टरबॅकला घेतलं. माहोम्सने पुढे तीन सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकून दिले. ट्रुबिस्कीला बेअर्सनी चार हंगामांनंतर जाऊ दिलं. पण निकाल समोर आल्यावर कुणीही शहाणं होतं. प्रश्न असा आहे, की त्या रात्री हातात जी माहिती होती तिच्या आधारे या सौद्यांची किंमत योग्य होती का?

आधी नियम थोडक्यात. आयपीएल किंवा प्रो कबड्डीत लिलाव होतो, ज्याच्या खिशात पैसा त्याला खेळाडू. एनएफएलमध्ये कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंसाठी बोली लागत नाही. ३२ संघ, सात फेऱ्या आणि मागच्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड. मात्र हे क्रमांक आपसात बदलता येतात, आणि नुसते यंदाचेच नाहीत, पुढच्या वर्षांचेही. म्हणजे इथे चलन पैशाचं नाही, क्रमांकांचं आहे.

या चलनाचं दरपत्रक बनवणारा माणूस फुटबॉलचा नव्हता. डॅलस काउबॉइज संघाचे भागीदार माइक मकॉय हे इंजिनिअर, तेल-वायूच्या धंद्यातले. १९९१ च्या सुमारास त्यांनी आधीच्या चार वर्षांतले सौदे तपासले, कोणत्या क्रमांकासाठी काय दिलं गेलं ते पाहिलं आणि त्यातून एक वक्ररेषा काढली. त्याच संघाचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने तो तक्ता प्रसिद्ध झाला. पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, तिसऱ्याला २२००, दहाव्याला १३००, सोळाव्याला १००० आणि बत्तिसाव्याला ५९०.

आता २०१७ चे सौदे या तक्त्यावर मांडू. बेअर्सनी दिले ३, ६७ आणि १११ हे क्रमांक, शिवाय २०१८ ची तिसऱ्या फेरीची निवड. २२०० अधिक २५५ अधिक ७२, म्हणजे २५२७. पुढच्या वर्षीची निवड एक फेरी खालची धरायची असा रिवाज आहे, त्याने आणखी साठ-सत्तर. बेरीज जवळजवळ बरोबर २६००. चीफ्सनी दिले २७, ९१ आणि २०१८ ची पहिल्या फेरीची निवड. ६८० अधिक १३६ म्हणजे ८१६. पुढच्या वर्षीची निवड दुसऱ्या फेरीच्या दराने साधारण ४८० धरली तर बेरीज १३०० च्या आसपास, म्हणजे दहाव्या क्रमांकाचीच किंमत. तक्त्याच्या लेखी दोन्ही सौदे चोख.

गोम इथेच आहे. तक्ता सांगतो की बाजारात काय भाव चालू आहे. तो खेळाडू मैदानावर किती उपयोगी पडेल, हे तो सांगत नाही. सगळे संघ वरच्या क्रमांकांना जास्त भाव देत असतील, तर तक्ताही तीच चूक छापील स्वरूपात पुढे चालवणार.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (ज्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याचा मसुदा २००५ पासूनच फिरत होता. त्यांनी एकाच जागेवर खेळणारे, ड्राफ्टमध्ये एकामागोमाग निवडले गेलेले खेळाडू जोडीने पाहिले. आधी घेतलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के निघाली, म्हणजे नाणेफेकीपेक्षा किंचित बरी. वरच्या क्रमांकाचे खेळाडू सरासरीने चांगले असतात यात वाद नाही. पण क्रमांक खाली जाताना गुणवत्ता जितक्या हळू उतरते, त्यापेक्षा तक्त्यातला भाव फार वेगाने कोसळतो. तक्त्याप्रमाणे पहिला क्रमांक बत्तिसाव्याच्या पाचपट. खेळाडूंमध्ये एवढी तफावत सापडत नाही.

तरी जाणती माणसं जास्त भाव का देतात? याचं एक उत्तर तेलाच्याच धंद्यातून आलं. १९७१ मध्ये अटलांटिक रिचफील्ड कंपनीच्या तीन इंजिनिअरांनी दाखवलं, की समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या लिलावात जिंकणारी कंपनी बहुधा तोट्यात जाते. प्रत्येकीचा अंदाज थोडा इकडेतिकडे चुकतो आणि जिचा अंदाज सर्वांत जास्त फुगलेला, तीच लिलाव जिंकते. ड्राफ्टमध्ये एखाद्या खेळाडूसाठी वर सरकतो तो त्याला सर्वांत जास्त मोलाचा मानणारा संघ, आणि म्हणून त्याच्याच अंदाजात चूक असण्याचा संभव सर्वांत मोठा. ट्रुबिस्कीने कॉलेजमध्ये फक्त १३ सामन्यांत सुरुवातीपासून क्वार्टरबॅक म्हणून खेळ केला होता. इतक्या थोड्या नमुन्यावर बांधलेला अंदाज डळमळीतच असणार.

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये त्यांनी बाराव्यावरून तिसऱ्या क्रमांकावर जाण्यासाठी पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि एक तिसऱ्या फेरीची दिली, आणि ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला घेतलं. लान्सने त्यांच्यासाठी फक्त चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळ केला. २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात तो डॅलसला गेला. दरम्यान २०२२ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर ब्रॉक पर्डी या क्वार्टरबॅकला घेतलं आणि तोच त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. यात दूरदृष्टी शोधू नये. पर्डीच्या आधी त्याच संघाने आठ खेळाडू निवडले होते.

शक्यतेचं साधं गणितही खाली सरकणाऱ्याच्या बाजूने आहे. समजा, वरच्या क्रमांकाचा खेळाडू यशस्वी होण्याची शक्यता ६० टक्के आणि त्याच्या बदल्यात मिळणाऱ्या दोन खालच्या क्रमांकांची प्रत्येकी ४५ टक्के. दोघेही फसण्याची शक्यता ०.५५ गुणिले ०.५५, म्हणजे सुमारे ३० टक्के. निदान एक तरी चांगला निघण्याची शक्यता ७० टक्के झाली. शिवाय सरासरी ०.९ चांगले खेळाडू मिळतात, एकट्याकडून ०.६.

मात्र हे गणित बचावपटू, लाइनमन (पुढच्या रांगेतले खेळाडू) यांना लागू पडतं, कारण ते एकाच वेळी अनेक खेळतात. क्वार्टरबॅक मैदानावर एकच असतो. दोन मध्यम क्वार्टरबॅक मिळून एक उत्तम होत नाही. त्यात पगाराचा मुद्दा आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादात तोच सर्वांत वजनदार. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला, त्यातले ५ कोटी हमीचे. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत झालेल्या २०११ च्या कामगार करारात नवख्यांचे पगार क्रमांकानुसार बांधले गेले आणि त्याच वर्षी पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी मिळाले. पगारखर्चावर एकूण मर्यादा असलेल्या लीगमध्ये हा फरक प्रचंड. २०२३ मध्ये पहिल्या आलेल्या ब्राइस यंगचा चार वर्षांचा करार ३.८ कोटींच्या आसपास, म्हणजे वर्षाला एक कोटीहून कमी. २०२४ मध्ये डॅक प्रेस्कॉट या अनुभवी क्वार्टरबॅकला वर्षाला ६ कोटींचा करार मिळाला. नवखा क्वार्टरबॅक चांगला निघाला तर चार वर्षं उरलेल्या पैशांत बाकीचा संघ बांधता येतो. मॅसी-थेलर यांची आकडेवारी जुन्या पगारपद्धतीतली, म्हणून त्यांचा निष्कर्ष आज क्वार्टरबॅकपुरता सौम्य करून वाचावा लागतो. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक किंवा चेंडू झेलणारा रिसीव्हर यांच्यासाठी मात्र अशी सूट द्यायला मी तयार नाही.

सौदा फसतो तो बहुतेक वेळा पुढच्या वर्षीच्या निवडींमुळे. एक वर्ष थांबलं तर एक फेरी वरची निवड, या रिवाजाचा व्याजदर मॅसी आणि थेलर यांनी काढला: वर्षाला १३६ टक्के. सावकारही लाजेल असा. आणि त्या निवडीचा क्रमांक आपण पुढचा हंगाम कसा खेळतो यावर ठरतो. वॉशिंग्टनच्या संघाने २०१२ मध्ये रॉबर्ट ग्रिफिन या क्वार्टरबॅकसाठी सहाव्यावरून दुसऱ्या क्रमांकावर जाताना ३९ वा क्रमांक आणि २०१३ व २०१४ च्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या. ग्रिफिनचं पहिलं वर्ष उत्तम गेलं, मग जानेवारी २०१३ मध्ये गुडघा गेला. दिलेल्या निवडी शेवटी २२ व्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या निघाल्या. तक्त्यानुसार एकूण ५४९० गुण मोजून २६०० गुणांची वस्तू घेतली. कॅरोलिना पँथर्सनी यंगसाठी दिलेल्या ऐवजात २०२४ ची पहिल्या फेरीची निवड होती. २०२३ मध्ये ते १७ पैकी दोन सामने जिंकले आणि ती निवड थेट पहिल्या क्रमांकाची झाली.

म्हणून वर सरकायचंच असेल तर किंमत शक्यतो त्याच वर्षीच्या क्रमांकांत द्यावी आणि कमाल मर्यादा ड्राफ्टच्या आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवावी. घड्याळ चालू असताना फोनवर ती हमखास वाढते. आपल्याच पुढे उभ्या संघाला क्वार्टरबॅक हवा आहे का, हेही पाहावं. २०१७ मध्ये बेअर्सना दुसरा क्रमांक देऊन तिसऱ्या क्रमांकावर गेलेल्या फोर्टीनाइनर्सनी बचावपटू घेतला. बेअर्सना खरी भीती होती ती तिसरा कुणी मध्येच घुसेल याची, आणि त्या भीतीची किंमत तीन निवडी. खालच्या फेऱ्यांत मात्र फारसा विचार करू नये. १२० वरून ११० वर जाण्याचा भाव वीस गुण, म्हणजे सहाव्या फेरीतली एखादी निवड, आणि ५३ जणांच्या संघात त्या फेरीतल्या अनेकांना जागाच मिळत नाही.

पुढच्या वर्षीच्या निवडीवर सही करणारा महाव्यवस्थापक पुढच्या वर्षी नोकरीत असेलच असं नाही. ज्याची खुर्ची यंदा डळमळीत, त्याला १३६ टक्के व्याजही स्वस्त वाटतं. त्यामुळे पुढल्या वर्षाची पहिली फेरी सौद्यात येत असेल, तर तो निर्णय मालकाने स्वतःकडे ठेवावा.